चष्म्याचंही वजन असतं

४ जानेवारी, रविवार

वसतिगृहात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमचं वजन व्हायचं. दवाखान्याच्या खोलीत एक उंच लोखंडी काटा होता. त्याच्यावरचं पितळी वजन सिस्टर एका बोटाने सरकवायच्या आणि आकडा मोठ्याने सांगायच्या. मी दहा वर्षांची, धाकटी सहाची. जी मुलगी ठरलेल्या आकड्याखाली जाई, तिला वजन भरेपर्यंत दवाखान्यातच झोपवायचे. धाकटी कायम काठावर. म्हणून रांगेत उभं राहण्याआधी मी बागेतल्या वाफ्याच्या कडेचे दोन गुळगुळीत दगड तिच्या झग्याच्या आतल्या खिशात घालायचे. दगड एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ती पाय फाकवून बदकासारखी चालायची. आकडा ऐकला की खाली उतरायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. पक्की चोर.

ते दोन दगड अजून माझ्या शिलाईच्या टेबलावर आहेत. कापड कापताना सरकू नये म्हणून वर ठेवायला त्यांच्याइतकं चांगलं दुसरं काही मिळालं नाही.

आज हे सगळं आठवायचं कारण असं, की बावन्न वर्षांनी आम्ही दोघी पुन्हा काट्यासमोर उभ्या होतो. शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं की माझी किडनी धाकटीला चालते. रक्त जुळलं, बाकीचं सगळं जुळलं. अडतं आहे ते माझं वजन. ब्याऐंशी किलो आहे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या कमिटीसमोर जाताना बहात्तर किंवा कमी पाहिजे. नाहीतर नाही. धाकटीला आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडतात. तिच्या हाताची शीर आताशा सुई नीट घेत नाही. दुसरं कोणी देणारं नाही, आणि यादीत तिचा नंबर इतका लांब आहे की त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

डॉक्टरांनी मला आणखी एक विचारलं. लहानपणी ही फार अशक्त होती का, वजन घटायचं का? मी म्हटलं, आठवत नाही. धाकटी पलंगावरून छताकडे बघत होती.

ती आधी तयारच नव्हती. सहा महिने नाही म्हणत होती. परवा एकदम हसली आणि म्हणाली, "तू बहात्तरवर ये, ताई. मग घेते तुझी किडनी. तुझं म्हणजे नव्याचे नऊ दिवस."

काटा तिच्यासाठीच आणलेला, तिच्या खोलीत असतो. ठरलं की दर रविवारी सकाळी माझं वजन. चपला काढल्या, घड्याळ काढलं, कानातलं काढलं, चष्मा काढला. सून दारात उभी होती. ती चष्म्याच्याच दुकानात काम करते. म्हणाली, आई, चष्म्याचं असं किती वजन असणार? मी म्हटलं, चष्म्याचंही वजन असतं. चष्म्याशिवाय मला माझे पायसुद्धा दिसत नाहीत, शिवाय पोट मध्ये येतं. आकडा धाकटीने वाचला.

१३ जानेवारी, मंगळवार

दहावा दिवस. नऊ ओलांडले. धाकटीला सांगितलं तर तिने शब्दकोड्यातून मान वर केली, "अरे वा," म्हणाली आणि परत खाली घातली. मला वाटलं होतं जरा जास्त आनंद होईल.

रविवारी एक्याऐंशी होतं. सकाळी सूप, दुपारी भाजी आणि ब्रेडचा एक तुकडा, संध्याकाळी परत सूप. सूप सून करून ठेवते. बिस्किटांचा डबा मी स्वतःच कपाटावर ठेवला आणि स्टूल मुलाच्या खोलीत नेऊन ठेवलं. सकाळी चाळीस मिनिटं चालते, आमच्या इमारतीला चार प्रदक्षिणा आणि मग पुलापर्यंत. आज चौथ्या फेरीला रडू आलं. ते भुकेचं होतं, दुसरं काही नाही.

२५ जानेवारी, रविवार

ऐंशी. मुलाने टाळी वाजवली. धाकटी काट्याकडे जरा वेळ बघत राहिली. तिला मशीननंतर चक्कर येते, वाकली की उठायला वेळ लागतो. पण काल मशीन नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

साडेऐंशी.

कसं शक्य आहे? दोन आठवडे मी एक दाणा इकडचा तिकडे केलेला नाही. धाकटीला परत बघायला लावलं. तिने परत बघितलं आणि म्हणाली, "साडेऐंशीच आहे, ताई. या वयात असंच होतं. मनाला लावून घेऊ नकोस." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. स्वतःच्या हाताला पट्टी बांधलेली, आणि समजूत माझी काढते आहे.

या घरात कुठेतरी पाणी मुरतंय. गुरुवारी स्वयंपाकघरात सून तिच्या आईशी फोनवर बोलत होती. मी पाणी प्यायला गेले तर हळू आवाजात म्हणत होती, आईंचं वजन नाहीच उतरलं तर एका परीने बरंच. मला बघून गप्प झाली. मी ग्लास भरला आणि बाहेर आले. काही बोलले नाही. लहानपणापासून आम्हाला हेच शिकवलं, दुसऱ्याचं बोलणं ऐकणं हा दोष, आणि ऐकलेलं सांगणं त्याहून मोठा. लिहून ठेवण्याबद्दल सिस्टर काही म्हणाल्या नव्हत्या.

१५ फेब्रुवारी, रविवार

ऐंशी. फक्त ऐंशी. दुपारी धाकटी झोपल्यावर मी तांदळाची पाच किलोची न फोडलेली पिशवी तिच्या खोलीतल्या काट्यावर ठेवली. चष्मा घालून, गुडघ्यावर बसून बघितलं. बरोबर पाच. मग दोन दगड ठेवले. किलोला थोडं कमी. काट्यात खोट नाही.

म्हणजे खोट माझ्या पोटात जाणाऱ्या गोष्टीत आहे. पोटात काय जातं? सूप. सूप कोण करतं?

मी वाईट सासू नाही. सात वर्षांत आमचा आवाज वाढलेला नाही. पण माझं ऑपरेशन झालं तर दोन महिने मी झोपून राहणार, दुकान सांभाळून सगळं तिच्यावर पडणार. माणूस आहे, वाटू शकतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज ती सूप करत असताना मी दारामागे उभी राहिले. गाजर, कोबी, मीठ. मग तिने फ्रिजमधून सायीचं पाकीट काढलं. मी आत गेले आणि पाकीट तिच्या हातातून घेतलं. म्हटलं, हे माझ्या सुपात कधीपासून चाललंय?

तिने माझ्याकडे बघितलं. साय तिच्या स्वतःच्या कॉफीसाठी होती. कॉफीचा कप शेजारीच होता, भरलेला, वाफाळलेला. मला दिसला नव्हता.

तिने पळी ओट्यावर ठेवली. "आई, उद्यापासून तुमचं सूप तुम्हीच करा." एवढंच. आवाज चढवला नाही. कॉफी तशीच राहिली.

रात्री जेवताना मुलगा माझ्याशी बोलला नाही. धाकटी मात्र जेवताना नुसती ताटात बघत होती, जणू काही तिनेच केलंय. ती फार हळवी आहे.

१ मार्च, रविवार

दहा दिवस माझं सूप मी करते. गाजर मी चिरते, मीठ मी टाकते, पातेलं मी धुते. आणि आज काट्यावर ऐंशी.

धाकटी म्हणाली, "सोड आता, ताई. तू किती केलंस ते मी बघितलंय. माझं मशीनवर चाललंय की." मी म्हटलं, कुठे चाललंय? बुधवारी दोनदा सुई टोचूनही शीर मिळाली नाही, दीड तास उशिरा सुरू केलं. ती म्हणाली, होतं कधीकधी.

दुपारी मुलाच्या खोलीतून स्टूल आणलं, डबा उतरवला आणि चार बिस्किटं खाल्ली. पाचवं हातात होतं. मग टेबलावरच्या दगडांकडे लक्ष गेलं आणि ते परत ठेवलं.

डॉक्टरांनी विचारलेलं डोक्यातून जात नाही. लहानपणी वजन घटायचं का? समजा, घटत होतं. समजा, सिस्टरना तेव्हा खरा आकडा कळला असता, तर त्यांनी कोणाला तरी दाखवलं असतं. मी म्हटलं, आठवत नाही.

९ मार्च, सोमवार

कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आलेल्या शिक्षिका म्हणाल्या, किती बारीक झालात. मी काही हुरळले नाही. त्यांना कोट शनिवारच्या आत हवा आहे. लोक काम लवकर हवं असलं की काहीही बोलतात.

१७ मार्च, मंगळवार

आज दुपारी पुलावरून येताना माझा राखाडी स्कर्ट खाली घसरला. कमरेवर धरून घरी यावं लागलं. हा स्कर्ट मी मागच्या वर्षी शिवला, तेव्हा श्वास घेताना बटण दुखायचं.

पहिला विचार असा आला की सुनेने उसवून सैल केला. मला बरं वाटावं म्हणून, म्हणजे मी पळीची गोष्ट विसरेन. किंवा मला खोटी आशा लावून मग एप्रिलमध्ये तोंडावर पाडायचं म्हणून. मी दार लावलं, स्कर्ट उलटा केला, कमरपट्टी भिंगाखाली धरली.

टाके माझेच. माणूस आपलं अक्षर ओळखतो तसे मी माझे टाके ओळखते. तिसरा टाका दरवेळी किंचित लांब पडतो, वसतिगृहात शिवण शिकवणाऱ्या सिस्टर त्याच्यासाठी माझ्या बोटांवर पट्टी मारायच्या. एकही टाका उसवलेला नाही, परत घातलेला नाही.

मग टेप घेतला. कंबर साडेचार इंच कमी. टेप ताणला गेला असेल म्हणून लोखंडी पट्टीला लावून बघितला. टेप बरोबर आहे.

चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले, तुम्ही म्हणाल ते नाही, टेप म्हणेल ते. आणि स्वतःच्या वेळी अडीच महिने टेप खुंटीवर, मी काट्यावर.

काटा खरा. टेप खरा. टाके खरे. मग राहिलं कोण?

धाकटी मशीनवर होती, सोमवारी सुई लागली नाही म्हणून तिला आज बोलावलं होतं. मी तिच्या खोलीत गेले. चपला काढल्या, घड्याळ काढलं, कानातलं काढलं. चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवला. पोट आता आड येत नाही, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. तांदूळ मी चष्मा घालून मोजला, दगड चष्मा घालून मोजले. स्वतःला मोजताना तेवढा काढायचे.

चौऱ्याहत्तर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि त्या वळशात मी एका चांगल्या मुलीच्या हातून पळी काढून घेतली.

२२ मार्च, रविवार

पाच दिवस कोणाला काही बोलले नाही. आज नेहमीसारखी तिच्या खोलीत गेले. घड्याळ, कानातलं, चष्मा. काट्यावर चढले. ती वाकली, बघितलं, नेहमीसारखी थांबली.

"ऐंशी."

मी खिशातून चष्मा काढला आणि घातला. साडेत्र्याहत्तर, चष्म्यासकट.

ती पलंगावर बसली. पट्टी बांधलेला हात मांडीवर, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी. मी काट्यावरच उभी होते. खाली उतरावं हे सुचलं नाही. विचारलं, कधीपासून?

"तू एकोणऐंशीवर आलीस तेव्हापासून. तोवर मला वाटलं होतं, तू सोडशील. त्याच भरवशावर हो म्हटलं होतं."

मी म्हटलं, सुनेशी मी कशी वागले ते तू बघत होतीस. ती म्हणाली, बघत होते, आणि तेवढं मात्र मला पचत नव्हतं. मग म्हणाली, "डॉक्टरांनी लहानपणाचं विचारलं तेव्हा मी तुझं तोंड बघितलं. तू किडनी देत नव्हतीस, ताई. तू दगड फेडत होतीस."



ती सांगत राहिली. डॉक्टरांना तिने नंतर एकटीने विचारलं होतं. तिचा आजार बारा वर्षांपूर्वीचा, लहानपणाशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा ती बारीक होती कारण बारीक होती. "आता सांग," म्हणाली, "फेडायचं काही नाही. तरी देणार आहेस?"

मी खाली उतरले आणि तिच्याजवळ बसले. आणि जे कधी कोणाला सांगितलं नाही, पाद्र्यांसमोर कबुलीला बसतानाही नाही, ते सांगितलं. की दगड तिच्यासाठी नव्हतेच. पहिल्या वर्षी ती अकरा दिवस दवाखान्यात झोपली, आणि ते अकरा दिवस माझ्या शेजारची खाट रिकामी होती. मी तिच्या झग्याचं टोक हातात धरून झोपायचे. टोक नव्हतं तर झोप नव्हती. म्हणून दगड.

धाकटी म्हणाली, "माहिती आहे."

"काय माहिती आहे?"

"मला तिथे आवडायचं. रोज अंडं मिळायचं, खिडकीतून घोडे दिसायचे. सिस्टर गोष्ट वाचून दाखवायच्या."

"मग दगड कशाला घेत होतीस?"

"तू रडायचीस म्हणून."

आम्ही दोघी बराच वेळ हसलो. तिला हसताना दम लागतो, म्हणून मध्ये थांबावं लागलं. मग मी तिला खरं उत्तर दिलं. मी म्हटलं, दान बिन काही नाही. हे गेल्यापासून या घरात रात्री कुलूप लावल्यावर मी ज्याच्याशी बोलते असं तूच एक माणूस आहेस. तू गेलीस तर मी एकटी राहू शकणार नाही. मला तू पाहिजेस, एवढंच आहे. फार स्वार्थी कारण आहे.

ती पट्टीच्या कडेचा धागा ओढत बसली. मी तो हात बाजूला केला. कोणताही धागा असा ओढलेला मला बघवत नाही.

"मग पहिल्यापासून असं सांगायचं ना," ती म्हणाली. "मी उगाच दोन महिने खोटं वाचत बसले." मग काट्याकडे बघून म्हणाली, "अजून दीड किलो आहे. ती बिस्किटं मला दे. मी लपवते."

संध्याकाळी मी सुनेच्या खोलीचं दार वाजवलं. सायीच्या पाकिटाची माफी मागितली. ती म्हणाली, आई, फोनवरचं तुम्ही ऐकलंत तेव्हाच मला विचारायचं होतं. तुम्हा दोघींना एकाच दिवशी आत नेणार या विचारानेच ती घाबरली होती, म्हणून तसं बोलून गेली होती. मग माझा चष्मा काढून घेतला, रुमालाने पुसला, दांड्या सरळ केल्या आणि परत माझ्या नाकावर बसवला. म्हणाली, अठरा ग्रॅम आहे. दुकानात मोजलाय मी.

६ एप्रिल, सोमवार

कमिटीसमोर एक्काहत्तर पूर्णांक आठ. नर्सने सांगितलं. मी चष्मा घालून स्वतः वाचलं, मग धाकटीला वाचायला लावलं. तिने दोनदा वाचलं. मंजूर.

२६ एप्रिल, रविवार

उद्या सकाळी सातला बोलावलं आहे. आधी मला नेणार, मग तिला. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, पण गेले चार महिने बघता माझा अंदाज कोणाच्याही बाबतीत फारसा चालत नाही. म्हणून हे लिहून ठेवते. वही शिलाईच्या टेबलाच्या वरच्या खणात असेल.

शिलाई मशीन आणि मोठी कात्री सुनेला. महिन्यातून एकदा तेल घालावं. कात्रीने कापडाशिवाय काहीही कापायचं नाही, दुधाची पिशवी तर अजिबात नाही. तिला शिवता येत नाही, पण तिचा हात हलका आहे, शिकेल. पळीसुद्धा तिचीच.

मुलाला त्याच्या वडिलांचा लांब कोट. मी आतून दोन इंच कापड सोडलेलं आहे. तो बापासारखाच चाळिशीनंतर सुटणार, तेव्हा उसवून घ्यावा. मी असले तर मीच करीन.

राखाडी स्कर्ट कोणालाही देऊ नये. तसाच राहू द्यावा.

शिक्षिकेच्या कोटाच्या बाह्यांचं काम झालं आहे, हँगरला चिठ्ठी लावली आहे. त्यांना सांगावं की त्या खरंच बोलल्या होत्या, मीच विश्वास ठेवला नाही.

बिस्किटांचा डबा कुठे आहे ते फक्त धाकटीला माहीत आहे. तिच्याकडून काढून घ्यावा.

वजनकाटा तिच्याच खोलीत राहू दे, तिला पुढेही लागेल. पण आकडा दुसऱ्या कोणी तरी वाचायचा.

ते दोन दगड पिशवीत घातले आहेत, बरोबर नेते आहे. शुद्धीवर आल्यावर एक तिच्या उशाशी ठेवावा, एक माझ्या. नर्सने विचारलं तर घरचे आहेत म्हणावं.

डावी किडनी धाकटीला. आयत्या वेळी नको म्हणेल. तिचं ऐकू नये.